संध्याकाळी आणि रविवारी डॉक्टर मिळतो, पण उपचार कसा मिळतो?

शनिवारी रात्री साडेनऊला मुलाला ताप चढला किंवा रविवारी दुपारी आजीला चक्कर आली, की घरात पहिला प्रश्न निघतो: आत्ता कोण उघडं असेल? गेल्या काही वर्षांत सरकार आणि महापालिकांनी या प्रश्नाला हात घातला आहे. रात्री उशिरापर्यंत चालणारे सरकारी दवाखाने सुरू झाले, फोनवरून सल्ला घेण्याची सोय झाली, खासगी ॲप आली. हे चांगलेच झाले. पण या सोयींबद्दल बोलताना दवाखाने किती उघडले आणि रुग्ण किती तपासले एवढेच सांगितले जाते. तिथे गेलेल्या माणसाला उपचार कसा मिळाला, हे फारसे कोणी विचारत नाही.

या लेखात तोच प्रश्न घेऊ. अवेळी मिळणाऱ्या सेवेचा दर्जा कशावर ठरतो, इतर देशांना यात काय ठेच लागली, आपल्याकडे काय कमी पडते, आणि तोपर्यंत रुग्णाने व घरच्यांनी स्वतःपुरते काय करावे, हे पाहू.

आपल्याकडे अडचण नेमकी कोणत्या वेळेला?

युरोपातल्या अनेक देशांत फॅमिली डॉक्टरचा दवाखाना संध्याकाळी पाच-सहाला बंद होतो. तिथे संध्याकाळ सुरू झाली की अडचण सुरू होते. आपल्याकडे उलटे आहे. संध्याकाळी सहा ते साडेनऊ ही आपल्या दवाखान्यांची सर्वात गर्दीची वेळ. दिवसाचा रोज बुडवून सकाळी डॉक्टरकडे जाणे अनेकांना परवडत नाही. नोकरी करणारे आई-वडील घरी आल्यावरच मुलाला घेऊन निघतात. त्यामुळे शहरात संध्याकाळी डॉक्टरच मिळत नाही अशी तक्रार कमी असते. तक्रार असते ती घाईची.

डॉक्टर खरोखर मिळत नाही अशा वेळा वेगळ्या आहेत: रात्री दहानंतर, रविवारी (विशेषतः दुपारनंतर), आणि गणपती-दिवाळीसारख्या सणांच्या सुट्ट्यांत. खेड्यात यात अंतराची भर पडते. जवळचा डॉक्टर तालुक्याला, आणि शेवटची एसटी निघून गेलेली.

अशा वेळी लोक साधारण चार ठिकाणी जातात. कोणी मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जातो. कोणी जवळच्या नर्सिंग होममध्ये जातो; तिथे रात्री मुख्य डॉक्टर घरी असतात आणि ड्युटीवर निवासी डॉक्टर असतो. कोणी मेडिकल दुकानातून "तापाचं काहीतरी" घेतो. कोणी ओळखीच्या डॉक्टरला फोन किंवा व्हॉट्सॲप करतो. या चारही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. समोरच्या माणसाला तुमची आधीची काहीच माहिती नसते किंवा अर्धवट माहिती असते, आणि तुमचे पुढे काय झाले हेही त्याला बहुतेक वेळा कळत नाही.

सरकारने काय केले?

मुंबई महापालिकेने २०२२ च्या अखेरीस 'हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना' ही योजना सुरू केली. वस्तीजवळ छोटा दवाखाना, मोफत तपासणी आणि औषधे, आणि मुख्य म्हणजे रात्री दहापर्यंतची वेळ. २०२३ च्या महाराष्ट्र दिनापासून हीच कल्पना राज्यात तालुका पातळीवर नेण्यात आली. दुपारी दोन ते रात्री दहा ही वेळ ठरवण्यामागे विचार योग्य होता. कष्टकरी माणूस मोकळा होतो तेव्हा सरकारी दवाखाना बंद असतो, ही जुनी अडचण तिथे ओळखली गेली.

त्याआधी २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका सेवा आहे. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, ई-संजीवनी ही सरकारी दूरसल्ला सेवा घरबसल्या वापरता येऊ लागली. त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्र सरकारने डॉक्टरांनी फोन किंवा व्हिडिओवरून कसे तपासावे आणि कोणती औषधे लिहावीत याचे नियम जाहीर केले. मानसिक त्रासासाठी ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालतो.

म्हणजे दारे वाढली आहेत. आता दारातून आत गेल्यावर काय होते ते पाहू.

दर्जा म्हणजे काय? तीन साधे प्रश्न

अवेळी सेवा देणाऱ्या दवाखान्यात एसी आहे का, फर्निचर नवे आहे का, यावरून दर्जा कळत नाही. तीन प्रश्न विचारावेत.

पहिला: गंभीर आजार डॉक्टरच्या लक्षात येतो का? संध्याकाळी येणाऱ्या शंभर तापांपैकी बहुतेक ताप साधे असतात. दर्जा कळतो तो उरलेल्या दोन-तीन तापांवरून.

दुसरा: तुमची आधीची माहिती त्या डॉक्टरपर्यंत पोहोचते का? चालू औषधे, ॲलर्जी, मागच्या आठवड्यातला रिपोर्ट, दोन दिवसांपूर्वी दुसऱ्या डॉक्टरने दिलेले इंजेक्शन.

तिसरा: पुढे काय, हे ठरवून दिले जाते का? केव्हा परत यायचे, काय झाले तर थेट रुग्णालयात जायचे, आणि सोमवारी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरला हे कसे कळणार.

या तिन्हींचे उत्तर 'हो' असेल तर पत्र्याच्या शेडमधला दवाखानाही चांगला. उत्तर 'नाही' असेल तर मोठ्या रुग्णालयातली रात्रही धोक्याची ठरू शकते.

घाईची किंमत

२०१७ मध्ये ६७ देशांतल्या माहितीचा एक आढावा प्रसिद्ध झाला. प्राथमिक डॉक्टर एका रुग्णाला सरासरी किती वेळ देतो, हे त्यात पाहिले होते. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि भारतात सुमारे दोन मिनिटे. संध्याकाळच्या गर्दीत बाहेर बाकावर तीस माणसे बसलेली असताना दोन मिनिटेही जास्त वाटतात.

दोन मिनिटांत काय करता येते? चिठ्ठी लिहिता येते. मुलाचे श्वास मोजायला पूर्ण एक मिनिट लागते. पोट तपासायला रुग्णाला टेबलावर झोपवावे लागते. मधुमेही माणसाचे पाय पाहायला मोजे काढावे लागतात. घाईत आधी नेमक्या याच गोष्टी गळतात, आणि त्यांची जागा औषधे घेतात.

थकव्याचाही परिणाम असतो. अमेरिकेतल्या बॉस्टन भागातील दवाखान्यांचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्दी-खोकल्यासारख्या आजारांत डॉक्टर पाळीच्या सुरुवातीच्या तासापेक्षा शेवटच्या तासात प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक, अधिक लिहीत होते. रुग्ण बदलले नव्हते, डॉक्टर दमले होते. सकाळी नऊपासून बसलेला आपल्याकडचा डॉक्टर रात्री सव्वानऊला वेगळा कसा वागेल? "नको, अँटिबायोटिकची गरज नाही" हे समजावायला पाच मिनिटे लागतात. लिहून द्यायला दहा सेकंद.

रुग्णांची मागणीही यात असते, हे मोकळेपणाने सांगायला हवे. "डॉक्टर, उद्या कामावर जायचंय, एक सुई मारून टाका." "अशक्तपणा आलाय, सलाईन लावा." ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटर सलाईनमध्ये २५ ग्रॅम साखर असते, साधारण पाच-सहा चमचे. तेवढी ताकद ग्लासभर सरबतातूनही मिळते. उलट्या थांबत नसतील, रक्तदाब उतरला असेल, माणूस पिऊ शकत नसेल, तर सलाईन जीव वाचवते. बाकी वेळी ती पैसे आणि सुईचा धोका वाढवते. पण रविवारी रात्री 'काहीतरी केले' असे दिसावे, अशी रुग्णाची इच्छा आणि डॉक्टरची सोय इथे जुळते.

एक उदाहरण: गुरुवारचा ताप, रविवारचा धोका

अवेळी सेवेचा दर्जा का महत्त्वाचा आहे, हे डेंग्यूच्या उदाहरणाने नीट कळते.

समजा गुरुवारी ताप आला. शुक्रवारी संध्याकाळी गर्दीत औषध घेतले. शनिवारी ताप तसाच, म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन इंजेक्शन घेतले. रविवारी ताप उतरला. घरच्यांना वाटते, बरे वाटू लागले. पण डेंग्यूत धोका बहुधा ताप उतरताना सुरू होतो, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. रक्तवाहिन्यांमधून पाणी झिरपते, रक्त घट्ट होते, रक्तदाब घसरतो. म्हणजे नेमका रविवार, नेहमीच्या डॉक्टरची सुट्टी, आणि हातात कोणताही लिखित कागद नाही.

इथे तिन्ही प्रश्न लागू होतात. धोका ओळखणारा डॉक्टर शुक्रवारीच सांगतो, "ताप उतरला तरी सोमवारी दाखवा. पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले किंवा माणूस बेचैन-सुस्त वाटला, तर तेव्हाच रुग्णालयात जा." शनिवारच्या डॉक्टरला शुक्रवारची चिठ्ठी दिसली तर हा तिसरा दिवस आहे हे त्याला कळते, आणि तो डायक्लोफेनॅकसारखे दुखण्यावरचे इंजेक्शन देत नाही, कारण डेंग्यूत त्याने रक्तस्राव वाढू शकतो. आणि पुढचा दिवस ठरवून दिलेला असेल तर रविवारी ताप उतरल्यावर घरचे निर्धास्त झोपत नाहीत.

यात कोणतेही महागडे यंत्र लागले नाही. लागली ती दोन वाक्ये आणि एक कागद.

अनोळखी डॉक्टर, हरवलेला कागद

२००५ च्या ईस्टरच्या सुट्टीत लंडनमध्ये एक ४१ वर्षांची पत्रकार आजारी पडली. चार दिवसांत तिने अवेळी सेवेतल्या आठ वेगवेगळ्या डॉक्टरांशी संपर्क केला, काहींशी फोनवर, काहींशी प्रत्यक्ष. प्रत्येकाने तिला नव्याने तपासले, कारण आधीच्याने काय पाहिले होते ते त्याच्यासमोर नव्हते. ती दर वेळी जास्त आजारी होत होती, पण हा चढता आलेख एकाही डॉक्टरला एकत्र दिसला नाही. तिच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला होता. ती वाचली नाही. तिथे डॉक्टर उपलब्ध होते, फोन उचलले जात होते, सेवा मोफत होती. कमी पडली ती माहितीची साखळी.

इंग्लंडमध्ये त्याच्या आदल्याच वर्षी, २००४ मध्ये, फॅमिली डॉक्टरांच्या करारात बदल झाला होता. रात्री आणि सुट्टीची जबाबदारी सोडून देण्याची मुभा त्यांना मिळाली, आणि बहुतेकांनी ती घेतली. मग ही सेवा वेगळ्या संस्था चालवू लागल्या, त्यांना बदली डॉक्टर लागू लागले. २००८ मध्ये जर्मनीहून विमानाने आलेल्या एका डॉक्टरने इंग्लंडमधल्या आपल्या पहिल्याच अवेळी पाळीत, मुतखड्याच्या वेदना असलेल्या ७० वर्षांच्या रुग्णाला मॉर्फिनच्या जातीचे एक तीव्र औषध दहापट मात्रेत दिले. रुग्ण दगावला. ते औषध त्या डॉक्टरच्या सवयीचे नव्हते आणि पाळीपूर्वी त्याची पुरेशी झोपही झालेली नव्हती. रात्रीची जागा भरली म्हणजे रात्रीची सेवा झाली, असे नसते, हे त्या देशाला या घटनेने शिकवले.

याउलट ओळखीच्या डॉक्टरचा फायदा किती असतो, याचा अंदाज नॉर्वेच्या एका मोठ्या अभ्यासातून येतो. तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा फॅमिली डॉक्टर १५ वर्षांहून अधिक काळ एकच होता, त्यांना अवेळी सेवा लागण्याचे प्रमाण नव्याने डॉक्टर बदललेल्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. अचानक रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी आणि मृत्यूचे २५ टक्क्यांनी कमी होते. हा अभ्यास नोंदींवर आधारलेला आहे, त्यामुळे सगळे श्रेय त्या एका गोष्टीला देता येत नाही. पण इतर देशांतले अनेक अभ्यासही त्याच दिशेने बोट दाखवतात.

आपल्याकडे पूर्वी गल्लीतल्या डॉक्टरला घरातल्या तीन पिढ्या माहीत असत. आता ते डॉक्टर निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या खुर्चीवर बसायला नवीन डॉक्टर कमी येतात. एमबीबीएस झालेला मुलगा किंवा मुलगी पुढे स्पेशालिस्ट होण्यासाठी परीक्षा देते. रात्री बेल वाजण्याची भीतीही खरी आहे. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० मध्ये कायदा झाला, तरी हल्ले थांबलेले नाहीत. एकटा डॉक्टर रात्री दार उघडायला कचरतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

नेदरलँड्सने काय केले?

साधारण २००० च्या सुमारास नेदरलँड्समधल्या फॅमिली डॉक्टरांनी एक वेगळी वाट धरली. भागातले डॉक्टर एकत्र आले आणि त्यांनी सहकारी तत्त्वावर अवेळी केंद्रे काढली. एकेक केंद्र लाख ते काही लाख लोकसंख्येसाठी असते. संध्याकाळी पाच ते सकाळी आठ आणि शनिवार-रविवार पूर्ण वेळ ते चालते. डॉक्टर पाळीपाळीने येतात, त्यामुळे कोणा एकाला रोज रात्री जागावे लागत नाही.

त्यांच्या चार गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. रुग्ण आधी फोन करतो, आणि प्रशिक्षित सहायक ठरलेले प्रश्न विचारून किती घाई आहे ते ठरवते. तिच्यावर डॉक्टरची देखरेख असते. घरी जाण्याची गरज पडली तर चालकासह सुसज्ज गाडी असते. आणि रात्री काय झाले याचा अहवाल रुग्णाच्या नेहमीच्या डॉक्टरकडे संगणकावरून पोहोचतो.

तिथेही सगळे आलबेल नाही. कामाचा ताण वाढतो आहे, आणि फोनवर घाई ओळखण्यात चुका होतात. पण त्यांनी पाळी वाटून घेतली आणि कागद जोडून ठेवला. सहकारी साखर कारखाने आणि पतपेढ्या उभ्या करणाऱ्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटू नये. एका उपनगरातल्या किंवा तालुक्यातल्या वीस डॉक्टरांनी रविवारची पाळी वाटून घेतली तर प्रत्येकाला वर्षातून दोन-तीन रविवारच काम पडेल.

मेडिकल दुकान आणि मोबाईल

रात्री मेडिकल दुकानदार बहुतेक वेळा मदत करण्याच्या भावनेनेच औषध देतो. पण तो तुम्हाला तपासू शकत नाही. अनेक अँटिबायोटिक आणि झोपेची औषधे २०१४ पासून 'एच-१' या यादीत आहेत. ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची वेगळी नोंद ठेवावी लागते. पॅरासिटामॉल आणि ओआरएस एवढ्यावर सकाळपर्यंत थांबता येत असेल तर थांबावे. थांबता येत नसेल, तर ते दुकानातून सुटणारे काम नाही.

फोनवरच्या सल्ल्याचा उपयोग आहे, विशेषतः "आत्ता जावे की सकाळी?" हे ठरवायला. जुन्या आजाराची औषधे चालू ठेवणे, रिपोर्ट दाखवणे, पुरळाचा फोटो दाखवणे, याला तो चांगला. पण फोनवरून पोट दाबून पाहता येत नाही, छातीचा आवाज ऐकता येत नाही. छातीत दुखणे, धाप लागणे, शुद्ध हरपणे यासाठी व्हिडिओ कॉलची वाट पाहू नका. आणि व्हॉट्सॲपवर नुसता "ताप आहे, काय देऊ?" असा संदेश पाठवला तर तुमच्या डॉक्टरलाही नीट उत्तर देता येत नाही. वय, वजन, किती दिवस ताप, किती अंश, लघवी होते का, काय खातो-पितो, कोणती औषधे चालू आहेत, एवढे लिहा.

केव्हा वाट पाहायची नाही?

खालीलपैकी काहीही असेल तर संध्याकाळच्या दवाखान्याच्या रांगेत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट कॅज्युअल्टी गाठा.

- छातीत दाब किंवा दुखणे, घाम, जबड्यात किंवा हातात कळ. "गॅस असेल" म्हणून थांबू नका. ज्या ठिकाणी लगेच ईसीजी निघेल तिथेच जा.
- तोंड वाकडे होणे, हातापायातली शक्ती जाणे, बोलणे अडखळणे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येते, त्यामुळे सीटी स्कॅन असलेले रुग्णालय निवडा.
- धाप लागून वाक्य पूर्ण न होणे, ओठ निळे पडणे.
- शुद्ध हरपणे, झटके, भ्रम, तापासोबत मान ताठ होणे.
- तीन महिन्यांखालील बाळाला १०० अंश फॅरनहाइटच्या वर ताप.
- मूल दूध किंवा पाणी घेत नाही, उठवूनही जागे होत नाही, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतो.
- गरोदरपणात रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बाळाची हालचाल कमी होणे.
- साप किंवा विंचू चावणे. बांधाबांध, चिरा, झाडपाला यात वेळ घालवू नका.

पैसे भरले नाहीत म्हणून तातडीचा प्रथमोपचार नाकारता येत नाही. जीव वाचवण्याची जबाबदारी प्रत्येक डॉक्टरवर आहे, मग तो सरकारी असो वा खासगी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले आहे.

घरच्यांनी काय करावे?

व्यवस्था बदलायला वेळ लागेल. पण कागदाची साखळी घरातूनही जोडता येते.

प्रत्येक माणसासाठी एक पातळ फाईल ठेवा. पहिल्या पानावर नाव, वय, आजार, चालू औषधे मात्रेसह, ॲलर्जी, रक्तदाब-साखरेचे अलीकडचे आकडे आणि नेहमीच्या डॉक्टरचे नाव. त्याच पानाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये. आभा क्रमांक काढला असेल तर रिपोर्ट त्याला जोडता येतात, पण रात्री दोन वाजता कागदच लवकर हाती येतो.

जुन्या आजाराच्या गोळ्या शुक्रवारीच मोजा. बीपीच्या गोळ्या संपल्या म्हणून रविवारी रात्री कॅज्युअल्टीत येणारे रुग्ण कमी नाहीत.

नेहमीच्या डॉक्टरला आधीच विचारून ठेवा, "तुम्ही नसताना कोणाकडे जायचं?" हा प्रश्न विचारण्यात गैर काही नाही. चांगला डॉक्टर दोन नावे सांगेल.

अनोळखी दवाखान्यात गेल्यावर फलक पाहा. डॉक्टरची पदवी आणि नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर असायला हवा. नर्सिंग होममध्ये रात्री भरती करताना ड्युटीवर कोण आहे, आणि मुख्य डॉक्टरला त्यांनी फोनवर कळवले आहे का, हे शांतपणे विचारा.

निघण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: तुम्हाला काय वाटतं, काय आहे? हे औषध आणि इंजेक्शन कशासाठी? काय झालं तर मी परत यायचं, आणि कुठे? दिलेल्या इंजेक्शनचे नाव चिठ्ठीवर लिहून घ्या. पुडीत बांधून दिलेल्या सुट्या गोळ्यांची नावेही लिहून मागा. सोमवारी ती चिठ्ठी नेहमीच्या डॉक्टरला दाखवा, बरे वाटत असले तरी.

आणि एक विनंती. डॉक्टरने तपासून "आज इंजेक्शनची गरज नाही" असे सांगितले, तर तेही उपचारच आहेत. त्याची फी द्यायला कुरकुर करू नका. तपासण्याचे पैसे मिळाले नाहीत, फक्त सुईचे मिळाले, तर सुयाच वाढतील.

आपण काय मागायला हवे?

नगरसेवक, आमदार किंवा आरोग्य अधिकारी आपल्या भागात रात्रीचा दवाखाना उघडल्याचे सांगतील, तेव्हा टाळ्या जरूर वाजवा आणि मग पुढचे विचारा. एका पाळीत एका डॉक्टरने किती रुग्ण तपासायचे, याची काही मर्यादा आहे का? डॉक्टरची जागा भरलेली आहे का, आणि तोच डॉक्टर सहा महिने तरी राहतो का? ईसीजी, साखर, ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र रात्री नऊलाही चालू असते का? गंभीर रुग्णाला पुढे पाठवताना चिठ्ठी दिली जाते का, आणि पुढच्या रुग्णालयाला फोन जातो का? किती जणांना अँटिबायोटिक दिले, आणि किती जण ४८ तासांत पुन्हा आले किंवा भरती झाले, हे कोणी पाहते का? रविवारी काय?

यातल्या बऱ्याच गोष्टींना मोठा खर्च नाही. नोंद ठेवण्याची शिस्त आणि ती नोंद पाहणारा अधिकारी लागतो. 'इतके लाख रुग्ण तपासले' या आकड्याशेजारी 'त्यातले इतके वेळेत पुढे पाठवले आणि वाचले' हा आकडा येईल, तेव्हा रात्री दहापर्यंत उघड्या असलेल्या दाराचा खरा उपयोग झाला, असे म्हणता येईल. तोपर्यंत तुमच्या घरातली ती पातळ फाईल आज, घरात सगळे बरे असतानाच, तयार करून ठेवा.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्यक्ष आजारात तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*